भोंगा वाजतो, पण निरोप पोचतो का?



वाराणसीच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट या परिसरात कित्येक मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. तेथल्याच एका वाड्यात माझी मावशी एकटी राहते. कुणी दार फोडले, तर भोंगा वाजावा आणि त्याच क्षणी शहरातल्याच लंका भागात राहणाऱ्या तिच्या मुलाला आपोआप दूरध्वनी जावा, अशी यंत्रणा २०१८ साली तिथे बसविण्यात आली. तीन वर्षांनंतर, पावसाळ्यातील एका रात्री गच्चीचे दार उघडले गेले. भोंगा वाजला, शेजारी धावले. मुलाला मात्र सकाळपर्यंत काहीच कळले नाही. दार ढकलणारे माकड होते, एवढेच आमचे भाग्य!

हा दोष आम्ही कसा शोधला, ते क्रमाने सांगतो. कारण अशा शोधात क्रमालाच महत्त्व आहे. भोंगा वाजविणे आणि निरोप पोचविणे ही दोन भिन्न कामे होत. पहिले नीट चालले, म्हणून दुसरेही चालले असेल असे गृहीत धरू नये.

आमचा पहिला संशय तारेवर गेला. २०१५ साली घाटांवरील प्रकाशतंतूंच्या तारा माकडांनी कुरतडल्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या होत्या. म्हणून यंत्र बाजूला काढून त्याच तारेला साधा दूरध्वनी जोडला. सूर स्वच्छ ऐकू आला. तार निर्दोष ठरली. मग जोडणी पाहिली. बाहेरून येणारी तार आधी यंत्रात आणि तेथून पुढे घरातील दूरध्वनीकडे जावयास हवी. तसे नसेल, तर रिसीव्हर चुकून खाली राहिला की यंत्राला तार मोकळी मिळत नाही. तीही योग्य होती. घरची वीज बंद करून पाहिली. बॅटरीवर यंत्र व्यवस्थित चालले.

अखेर यंत्रात साठविलेला क्रमांक जसाच्या तसा हाताने फिरविला आणि उलगडा झाला. पलीकडून ध्वनिमुद्रित सूचना आली : क्रमांकाआधी शून्य लावा. १५ जानेवारी २०२१ पासून देशभर तारेच्या दूरध्वनीवरून कोणताही मोबाइल क्रमांक फिरविताना आधी शून्य लावणे आवश्यक झाले आहे. तोपर्यंत आपल्याच परिमंडळातील क्रमांकाला त्याची गरज नसे. माणसांनी ही सवय लावून घेतली. यंत्राला कुणी सांगितलेच नाही. त्या रात्री त्याने इमानाने क्रमांक फिरविला आणि आपला निरोप त्या सूचनेलाच ऐकविला. आपले ऐकणारे कुणी नाही, हे कळण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

ज्यांच्या घरी आता प्रकाशतंतूची जोडणी आली आहे, त्यांनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. तांब्याच्या तारेला दूरध्वनी केंद्राकडूनच वीज मिळते. त्यामुळे घरात अंधार झाला, तरी दूरध्वनी चालतो. प्रकाशतंतूच्या पेटीला मात्र घरचीच वीज लागते. म्हणून यंत्राप्रमाणे त्या पेटीलाही बॅटरीचा आधार द्यावा. शिवाय जुनी काही यंत्रे ठोक्यांनी क्रमांक फिरवितात आणि नव्या पेट्यांपैकी काहींना केवळ सुरांची भाषा कळते. यंत्रात तसा बदल करण्याची सोय बहुधा असते, ती पाहावी.

आणि शेवटची कडी माणसाची. अपरिचित क्रमांक म्हणून मध्यरात्रीचा दूरध्वनी कुणी उचललाच नाही, तर सारी यंत्रणा व्यर्थ होय. घरचा क्रमांक मुलांच्या मोबाइलमध्ये नावासह नोंदवून ठेवावा. चाचणीपूर्वी त्यांना कल्पना द्यावी. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर मात्र चाचणी कधीही करू नये.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मावशी स्वतः कळ दाबते. मुलगा निरोप पूर्ण ऐकतो आणि लगेच उलट दूरध्वनी करून म्हणतो, “आई, पोचला.” हे शब्द कानी पडेपर्यंत चाचणी पुरी झाली असे ती मानीत नाही. आपणही मानू नये, एवढीच विनंती.