रानाचं भय पुसू नका



अध्यक्षाने चार गोड शब्द बोलून खाली बसावं, अशी रीत आहे. आज मी ती मोडणार आहे. वैनगंगेच्या या मुलखात मला वैनगंगेचंच एक भांडण मांडायचं आहे.

रुडयार्ड किपलिंगचं 'जंगल बुक' 1894 साली आलं. त्यातल्या मोगली या पोराचं रान सिवनीचं, नदी वैनगंगा. तीच नदी पुढे भंडाऱ्यातून उतरते, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधून वाहते आणि चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते. किपलिंग साम्राज्याचा कैवारी होता, हे मी विसरलेलो नाही. तरीही त्याच्या रानात कायदा होता, भय होतं. सिनेमाने दोन्ही पुसलं, ही माझी तक्रार आहे.

शेरखान या वाघाचा मृत्यूच घ्या. पुस्तकातला मोगली गावच्या म्हशी राखतो. डुक्कर खाऊन, पाणी पिऊन जडावलेला वाघ कोरड्या नाल्यात पडला आहे, त्याला दरड चढवणार नाही, हे तो हेरतो. कळपाचे दोन भाग करतो. म्हशी आणि पारडी नाल्याच्या खालच्या तोंडाशी, रेडे वरच्या. मग स्वतः रेड्यावर बसून कळप आत लोटतो. वाघ खुरांखाली चिरडला जातो. पुढचं त्याहून कठोर आहे. पोरगा कातडं सोलत असताना गावचा शिकारी शंभर रुपयांच्या सरकारी बक्षिसासाठी त्यावर हक्क सांगतो, आणि गाव त्याच पोराला चेटक्या ठरवून दगड मारतं.

डिस्नेच्या 1967 च्या चित्रपटात काय होतं? वीज पडून झाड पेटतं, मोगली जळती फांदी वाघाच्या शेपटीला बांधतो, वाघ धूम ठोकतो. गुराख्याची अक्कल गेली, गावाची कृतघ्नताही गेली. कायदा पाठ करून घेताना फटके देणारा कडक गुरुजी, बाळू अस्वल, नाचरा ऐदी झाला. मोगलीला सोडवायला धावणारा अजगर 'का' त्यालाच गिळायला टपला. वानरांना ना राजा, ना कायदा, ना आठवण, हेच पुस्तकाचं म्हणणं. चित्रपटाने त्यांना ओरांगउटान राजा दिला, जो भारताच्या रानात नाहीच! कथालेखक बिल पीट यांनी आधी केलेली गंभीर मांडणी वॉल्ट डिस्ने यांनी नाकारली होती. म्हणजे हे जाणूनबुजून झालं.

"लहान मुलांचा चित्रपट आहे, माध्यम वेगळं आहे," असं मला सांगितलं जातं. मला हे मान्य नाही. कथानक बदला, पात्रं गाळा, वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या प्रेक्षक बघून प्रसंग फिरवतातच. पण प्रसंगाचा भाव उलटला की त्यातलं सत्य उलटतं. आणि पडद्याला भय पेलत नाही, हेही खोटं. दूरदर्शनवर हिंदीत आलेल्या 'जंगल बुक' मालिकेत नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान बोलला की घरातली पोरं चिडीचूप होत.

हा वाद इथे करमणुकीचा नाही. मोहफूल वेचायला, तेंदूपत्ता तोडायला रानात गेलेली बाई आपल्याकडे वाघाच्या हल्ल्यात जीव गमावते. माणसाला मारू नये, नाहीतर हत्तींवरून बंदूकवाले येतात आणि साऱ्या रानाला भोगावं लागतं, हा पुस्तकातला कायदा सिंदेवाही-मूलच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. शेपूट पेटलेला वाघ पाहून वाढलेला शहरी माणूस मात्र जिप्सीत बसून वाघाला खेळणं समजतो, आणि हल्ल्याची बातमी आली की त्यालाच खलनायक ठरवतो.

आपल्याकडे आपली स्वतःची गोष्ट आहे. वाघाशी झुंजताना मेलेल्या तारू या गावप्रमुखाचं ठाणं ताडोबाच्या तळ्याकाठी आहे, त्याच्यावरून रानाला नाव पडलं, असं आपले आदिवासी बांधव सांगतात. त्या गोष्टीत वाघाची भीती आहे आणि वाघाचा मानही आहे. दोन्ही एकत्र धरणं, हीच रानाच्या साहित्याची कसोटी.

म्हणून वाघावर चित्रपट काढायला येणाऱ्यांना माझं सांगणं आहे, कॅमेरा लावण्याआधी गुराख्याच्या ओसरीवर बसा. आणि इथल्या लेखकांनो, तारूची गोष्ट तुम्ही लिहा. इतकी नेमकी लिहा की उद्या कुणी पडद्यावर तिचं भय काढून गाणं घातलं, तर इथल्या पोराने भर थिएटरात उठून "हे खोटं आहे" म्हणावं. त्या पोराच्या बाजूने मी उभा राहीन. तुम्हीही राहा.