मोटारीचें चाक आणि फुटपाथची कड

शहरांत मोटार चालविणें ही एक विद्या, आणि ती उभी करणें ही दुसरी. पहिली लोक पैसे देऊन शिकतात; दुसरी मात्र बहुधा चाकांच्या खर्चानें शिकली जाते. गल्लींत ओळीनें उभ्या असलेल्या मोटारींच्या उजव्या चाकांकडे पाहा, आणि मग डाव्या चाकांकडे पाहा. उजवीं चाकें पुष्कळदां स्वच्छ असतात. डाव्यांच्या कडेवर मात्र उंदरानें कुरतडल्यासारखे ओरखडे दिसतात. श्रोतेहो, या ओरखड्यांत केवळ शोभेची हानि असती, तर त्याविषयीं बोलण्याचें कारण पडलें नसतें. परंतु ज्या धक्क्यानें रंग जातो, त्याच धक्क्यानें कधीं कधीं टायरही आंतून तुटलेला असतो, आणि तें मालकास ठाऊक नसतें.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव असते. दगडाशीं झुंजावयाचें तें धांवेनें. आंतलें लांकूड सुरक्षित राहतें. मोटारीच्या चाकाची रचना याहून नाजूक आहे. तेथें सारा भार तोलते ती कोंडलेली हवा, आणि हवेला धरून ठेवतो तो दोऱ्यांचा सांगाडा व त्यावरील रबर. आजचे बहुतेक टायर रेडियल बांधणीचे असतात. या बांधणीचें पेटंट मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं घेतलें. रेडियल टायरच्या तळव्याखालीं पोलादी पट्ट्यांचें चिलखत असतें. कुशीला तें नसतें. कूस मऊ राहते म्हणून प्रवास सुखाचा होतो. पण फुटपाथचा दगड नेमका याच उघड्या कुशीवर घाव घालतो.

आपल्या टायरवर काय लिहिलें आहे तें एकदां वाचून पाहावें. १८५/६५ आर १५ असे आंकडे असतील, तर टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, आणि कुशीची उंची तिच्या शेंकडा ६५, म्हणजे सुमारें १२० मिलिमीटर. चाकाचा व्यास १५ इंच. आतां २२५/४५ आर १७ हा टायर घ्या. चाक मोठें, दिसावयास डौलदार. पण कुशीची उंची अवघी १०१ मिलिमीटर. चाक मोठें करण्याची आज हौस आहे. परंतु कूस जितकी बुटकी, तितका दगड आणि रिम यांमधील रबराचा आधार कमी, हें ध्यानांत ठेवावें. पोलादी रिम धक्क्यानें वांकते. अॅल्युमिनियमच्या मिश्र धातूची रिम खरवडते, आणि जोराचा धक्का बसला तर तडकतेही.

चाक वेगानें दगडावर आदळलें, कीं टायर दगडाची धार आणि रिमची कड यांच्या चिमट्यांत सांपडतो. हवा कमी असेल तर हें अधिक सहज घडतें. बाहेरचें रबर ताणून पुनः पूर्ववत् होतें. आंतले दोरे मात्र तुटतात. मग कांहीं दिवसांनीं त्या जागीं फुगवटा दिसूं लागतो. आंतील हवा आतां केवळ रबराच्या भरंवशावर राहिलेली असते. तळव्यांतील खिळ्याचें भोंक पंक्चरवाला बुजवूं शकतो. कुशींतील तुटलेले दोरे कोणासही सांधतां येत नाहींत. असा टायर गल्लींत महिनाभर चालेल, आणि मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर भर वेगांत फुटेल. तेव्हां फुगवटा दिसतांच टायर बदलावा. येथें काटकसर करूं नये.

आतां उपाय पाहूं. आपल्या देशांत चालक उजवीकडे बसतो आणि कड डावीकडे असते. म्हणजे जें चाक जपावयाचें तेंच डोळ्यांपासून दूर. शिवाय गाडी वळत असतां मागचें चाक पुढच्या चाकाच्या वाटेनें जात नाहीं. तें आंतल्या बाजूनें वाट कापतें. म्हणून दोन गाड्यांमधील जागेंत तोंडानें शिरणें अवघड जातें. त्यापेक्षां पुढच्या गाडीशेजारीं दोन-अडीच फूट अंतरावर थांबून उलट्या चालीनें आंत यावें. डावा आरसा किंचित् खालीं झुकवावा, म्हणजे मागचें चाक आणि कड दोन्ही दिसतात. कडेपासून वीतभर अंतर राहिलें कीं पुरे. चाक दगडास लागलेंच, तर सुकाणूचक्र जोरानें फिरवूं नये. गाडी पुढें घेऊन पुनः प्रयत्न करावा. वेग दुप्पट झाला तर धक्क्याची शक्ति चौपट होते, म्हणून हें सर्व माणसाच्या चालीहूनही सावकाश करावें. पावसाळ्यांत रस्त्यावर पाणी साचलें असतां कड बुडून जाते; अशा वेळीं सोबत्यानें उतरून जागा दाखवावी.

कड ही नेहमीं वैरीणच असते असें नाहीं. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को हें टेंकड्यांचें शहर. तेथें शेंकडा ३ हून अधिक उतारावर गाडी उभी करतांना पुढचीं चाकें कडेच्या रोखानें तिरपीं ठेवण्याचा नियमच आहे. ब्रेक सुटला तरी कड गाडीला थोपविते. मात्र गाडी अलगद टेंकवावी, आदळूं नये. आणि दगडास लागावा तो टायरचा तळवा, कूस नव्हे.

कित्येक लोक जागा वांचविण्यासाठीं दोन चाकें फुटपाथवर चढवितात. त्यांत चढतांना एक धक्का व उतरतांना दुसरा. आणि चाक धारेवरच राहिलें, तर रात्रभर टायरच्या एकाच भागावर भार. पण चाकाची ही हानि त्यामानानें लहान. तो दगड तेथें बसविला आहे तो पायीं चालणारांच्या रक्षणासाठीं. काठी टेंकीत जाणारे वृद्ध, दृष्टिहीन माणसें, बाळाची गाडी ढकलणारी माता, यांना आपण वाहत्या रस्त्यांत उतरावयास लावतों. मोटार वाहन चालविण्याच्या २०१७ च्या नियमांनींही फुटपाथवर गाडी उभी करण्यास मनाई केली आहे.

शेवटीं एक लहानसें काम सांगतों. महिन्यांतून एकदां, हवा भरतांना, चारही टायरांच्या कुशींवरून हात फिरवावा. आंतल्या, न दिसणाऱ्या बाजूवरूनही फिरवावा. फुगवटा, चीर किंवा खोलगट भाग लागला, तर लांबचा प्रवास तूर्त रहित करावा आणि जाणत्या कारागिरास चाक दाखवावें. या कामास पांच मिनिटें लागतात, आणि गाडींत बसणारीं माणसें आपल्याच घरचीं असतात.