लग्नाच्या याद्या आणि कायदा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जामुल येथे दिलेल्या व्याख्यानाचा संहितारूप गोषवारा)



सुवर्णमहोत्सवाच्या पंगतीत मला कारले वाढावयास सांगितले आहे. नाट्यप्रवेश आणि भावगीते यांच्यामध्ये कायद्याचे व्याख्यान ऐकण्याचे सौजन्य आपण दाखवीत आहात, त्याबद्दल प्रारंभीच आभार मानतो. मी वकील नव्हे. सरकारी कागदपत्रांत आयुष्य घालविलेला एक नोकर आहे.

जामुल-भिलाईत वाढलेली आपली मुले-मुली आज दूरदूरच्या शहरांत, परदेशांतही नोकऱ्या करतात. मिळविती मुलगी सोयरीक ठरताना विचारते, ‘‘पैशाअडक्याचे आधी लिहून ठेवू या का?’’ आपण वडीलधारी माणसे दचकतो. विवाह हा संस्कार. त्यात करार कसला?

वस्तुतः लग्नाआधीचा कागद आपल्याला मुळीच नवा नाही. ‘याद्या’ झाल्याशिवाय आपल्याकडे लग्न पक्के होत नसे. दोन्ही व्याही समोरासमोर बसत, देणेघेणे आणि मानपान लिहीत, कागदाला कुंकू लावीत. मात्र त्या कागदावर नवरीची सही नसे, आणि तिचे स्वतःचे काय, हेही बहुधा नसे. शिवाय याद्यांतील हुंड्याचे कलम १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविले.

लग्नाआधीच्या कराराला पूर्ण मान असलेला प्रदेश आपल्या शेजारीच आहे. सिंधुदुर्गातून तेरेखोल नदी ओलांडली की गोवा लागतो. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कुटुंबविषयक व्यवस्था तेथे पुढे चालू राहिली. त्या व्यवस्थेत वधूवरांनी आधी काही ठरविले नसेल, तर विवाहाबरोबर दोघांची संपत्ती सामाईक होते आणि प्रत्येकाचा अर्धा वाटा मानला जातो. ज्यांना वेगळी व्यवस्था हवी, त्यांनी विवाहापूर्वीच अधिकृत अधिकाऱ्यापुढे रीतसर दस्तऐवज करावयाचा असतो. विवाहानंतर तो बदलता येत नाही. गोवेकराने मुंबईत घेतलेल्या मिळकतीच्या वारसाहक्कालाही गोव्याचाच कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. गोव्याशी सोयरीक जोडणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

आपल्याकडे मात्र तशी व्यवस्था नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अशा कराराची तरतूद नाही. शिवाय १८७२ च्या करार कायद्याचे २३ वे कलम सांगते की, लोकनीतीला बाधक असा करार निरर्थक होय. ‘मी कायम सासुरवाडीस राहीन’ असा विवाहापूर्वी दिलेला शब्द १९०१ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने याच तत्त्वावर अमान्य केला. मुसलमान समाजात विवाह हा करारच असल्याने मेहेर आणि निकाहनाम्यातील योग्य अटी यांना स्थान आहे. आपण हिंदू मंडळींनी ‘पोटगी मागणार नाही’ असे मुद्रांकित कागदावर लिहून घेतले, तरी त्यावर विसंबू नये. लग्नापूर्वीची मालमत्ता कोणाची, हे दाखविणारा पुरावा एवढाच त्या कागदाचा उपयोग होऊ शकेल. ज्यांची मुले इंग्लंडात वा अमेरिकेत स्थायिक होणार, त्यांनी तेथील वकिलाचा सल्ला घ्यावा; तिकडे अशा करारांना बरेच वजन आहे.

मग आपल्या हाती काय उरते? एक साधी यादी. हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ मध्ये झालेल्या नियमांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने आणि वराला मिळालेल्यांची वराने ठेवावयाची असते. वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व त्याचे नाते असा तिचा तपशील. यादी लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर करावी आणि तिच्यावर वधू व वर दोघांच्या सह्या असाव्यात. त्याच वर्षी प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, स्त्रीधनाची मालकी केवळ पत्नीची. ते सासरी नेल्याने पतीचे किंवा सामाईक होत नाही. हक्क असा निर्विवाद आहे. परंतु वस्तू कोणत्या होत्या, हे सिद्ध कोण करणार?

येथे घरची गोष्ट सांगणे भाग आहे. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न १९९८ मध्ये झाले. पाटल्या, तोडे, मोहनमाळ, आईने आपल्या अंगावरचे उतरवून दिले. नियम मला ठाऊक होता. यादीचा विषय मी काढला, तेव्हा आई म्हणाली, ‘‘सोयऱ्यांपुढे कागद धरायचा म्हणजे त्यांना चोर म्हणण्यासारखे आहे.’’ मी गप्प बसलो. सहा वर्षांनी बहीण माहेरी परत आली. दागिन्यांविषयी आम्ही एक सांगू, ते दुसरे सांगत. दोन्ही बाजू शपथेवर बोलत होत्या आणि कागद एकाकडेही नव्हता. हाती आले ते निम्म्याहूनही कमी. तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘‘दादा, चार्ज घेताना तू ऑफिसातल्या खुर्च्यासुद्धा मोजून सही करतोस ना?’’ या प्रश्नाचे उत्तर मला आजही देता आलेले नाही.

मित्रहो, आपण घरापासून दूर राहतो. लग्न लागते नागपूरला वा अमरावतीला, मुलगी नांदते तिसऱ्याच गावी, आणि प्रसंग ओढवला की साक्षीला ना शेजारी सापडतो, ना सोनार. आपल्यासारख्यांना तर लेखाची गरज अधिक. यादी म्हणजे अविश्वास नव्हे; उद्या कोणाला खोटे बोलण्याचा मोह होऊ नये, याची ती तजवीज आहे. मुलाकडच्यांचेही खोट्या मागणीपासून रक्षण तीच करते.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. साखरपुड्याआधी मुलामुलींना निवांत बसू द्यावे. कोणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, घर कोणाच्या नावे होणार, दोन्हीकडच्या आईवडिलांना कोण पाहणार, लॉकर कोणाच्या नावे, हे त्यांनी एकमेकांना मोकळेपणाने विचारावे. आणि याद्यांची आपली जुनी चाल मोडू नये, सुधारावी: हुंडा व मानपान वगळून वधूवरांच्या भेटी लिहाव्यात, दोघांच्या सह्या घ्याव्यात, प्रती दोन्ही घरी ठेवाव्यात. मंडळाने यादीचा एक मराठी नमुना छापून घरोघरी दिला, तर सुवर्णमहोत्सवाची ती उपयुक्त आठवण ठरेल. कागदाला कुंकू जरूर लावावे. मात्र त्याखाली या वेळी नवरीची सही असावी.