उजवा हात कोणाचा?

(अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



आपल्या वर्गात वारंवार घडणारा एक प्रसंग आधी सांगते. आपण मुलांकडे तोंड करून उभ्या राहतो, "उजवा हात वर करा" असे म्हणतो आणि स्वतःचा उजवा हात वर करून दाखवितो. समोरचे चार वर्षांचे मूल आपल्याकडे पाहते आणि आरशात दिसावे त्याप्रमाणे त्याच बाजूचा, म्हणजे स्वतःचा डावा हात वर करते. आपण म्हणतो, "चुकले." मीही अनेक वर्षे असेच म्हणत असे. एकदा एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, तुमचा हातपण इकडेच होता!" तिचे खरे होते. परंतु मला ते उमगेपर्यंत ती शेजारच्या मुलांचे हात पाहूनच आपला हात उचलू लागली होती.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९२० च्या दशकात या प्रश्नाचा अभ्यास केला. स्वतःचा डावा-उजवा हात मुलाला साधारण पाचव्या वर्षी ओळखता येतो. समोर बसलेल्या माणसाचा उजवा हात सांगता येण्यास आठवे वर्ष उजाडते, असे त्यांना आढळून आले. काही मुले याच्या आधी शिकतात, काही नंतर. तात्पर्य, अंगणवाडीच्या वयात मुलाकडून दुसऱ्याच्या बाजूने पाहण्याची अपेक्षा करणे रास्त नव्हे. ते काम आपले आहे. उजवा हात दाखवायचा असेल तेव्हा मुलांकडे पाठ करून, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभ्या राहा.

यात नवीन असे काहीच नाही. पंगतीत वाढणाऱ्या बाईला हे पक्के ठाऊक असते. चटणी-कोशिंबीर पानाच्या डावीकडे आणि भाजी उजवीकडे. पण हे डावे-उजवे जेवणाऱ्याचे. पानासमोर वाकून वाढणारी चटणी वाढते ती स्वतःच्या उजव्या बाजूला. भातुकलीत वडाची पाने मांडून हा खेळ जरूर खेळा. प्रथम मुलाला स्वतःचे पान मांडू द्या. समोरच्याचे पान वाढण्याची घाई नको.

"जेवायचा हात तो उजवा" ही खूण मात्र सर्वांना लागू पडत नाही. जे मूल स्वभावतःच डावखुरे आहे, त्याला या वाक्याने दिशाही कळत नाही आणि आपल्यातच काही खोट आहे असे वाटू लागते ते वेगळेच. त्यापेक्षा सर्वांच्या उजव्या मनगटाला रंगीत दोरा बांधावा. डावखुऱ्या मुलाचा हात बदलण्याचा प्रयत्न कृपा करून करू नये.

डाव्या-उजव्याच्या कितीतरी आधी आत, बाहेर, वर, खाली हे शब्द येतात. आपल्याला ते सोपे वाटतात, पण आपल्या भाषेतील त्यांच्या खोड्या पाहा. माठावर झाकणी असते ती टेकलेली; डोक्यावर आभाळ असते ते टेकलेले नसते. डब्यामध्ये खडे म्हणजे आत. दोन पाटांमध्ये खडा म्हणजे त्यांच्या दरम्यान. 'देवळापुढे विहीर आहे' म्हणजे दारासमोर. आणि रस्ता सांगताना 'देवळाच्या पुढे विहीर लागेल' म्हणजे देऊळ ओलांडल्यावर! अशा वेळी मूल गोंधळले तर नवल नाही. त्यातच मूळ शब्दाचे रूपही पालटते: उंबरा 'उंबऱ्याजवळ' होतो, विहीर 'विहिरीजवळ' होते. 'उंबराजवळ' म्हणणाऱ्या मुलाला जागा कळलेली असते. आपण सहज "हो, उंबऱ्याजवळ" असे म्हणावे आणि पुढे जावे.

हे शब्द पाठ करून घेण्याचे नव्हेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. त्या अंगणात खांब असतो, बाज असते, पायरी असते. "खांबामागे लप, बाजेखालून ये, दोन मडक्यांच्या मधून जा" असे म्हणावे. (उंबऱ्यावर उभे राहा असे मात्र सांगू नये, घरी आजी रागावते.) मग पाळी बदलावी: मुलाने हुकूम द्यावा आणि बाईंनी लपावे. शब्द समजणे आणि तो स्वतः वापरणे यांत अंतर असते. ते या पाळीत भरून निघते. एरवी आपण हनुवटीने दाखवून "ते तिथे ठेव" एवढेच म्हणतो आणि मुलाला शब्दाची गरजच भासत नाही.

पूर्व-पश्चिम उगवतीवरून आणि मावळतीवरून सांगावी. या वयाला तेवढे पुरे. पुढे तिसरीत जिल्ह्याचा नकाशा समोर येतो तो बहुधा भिंतीवर, आणि मुलांना वाटते की उत्तर छताकडे असते. म्हणून मोठ्या गटासाठी अंगणाचा नकाशा जमिनीवरच खडूने काढावा. नकाशातला दरवाजा खऱ्या दरवाजाच्या बाजूला येऊ द्यावा, आणि प्रत्येक मुलाला त्या रेघांवरून चालत आपल्या बसायच्या जागेपर्यंत जाऊ द्यावे.