बिघाड केबलचा की जॉइंटचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी डिप्लोमावाला सिग्नल इंजिनीअर. डॉक्टरकीवर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण दोन वर्षांपूर्वी आरतीचे तबक माझ्या हातून पडले ते आपण पाहिलेत. काहींनी त्याचे कारण 'बाटली' ठरवले, तेही कानावर आले!

डॉक्टरांनी निदान केले सीआयडीपी. यात शरीराची संरक्षण-यंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पाय जड होतात, तोल जातो, बोटांतली ताकद जाते. मज्जातंतू म्हणजे आपली सिग्नल केबल समजा. आत तार, वर मायलिनचे इन्सुलेशन. त्यात ठरावीक अंतराने बारीक फटी असतात आणि संदेश या फटीवरून त्या फटीवर उड्या मारत धावतो.

नेहमीच्या सीआयडीपीत इन्सुलेशन सोलले जाते. त्यावर इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात. पहिली मात्रा किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे माझ्या ७० किलोंना १४० ग्रॅम! खर्च रेल्वेने सोसला, पण हातांचा कंप तसाच. "अजून एक कोर्स घेऊन बघू," एवढेच उत्तर मिळे. यात आठ महिने गेले. जिना चढताना मुलगा मागे उभा राहू लागला.

मग दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी रक्त अँटिबॉडींच्या तपासणीला पाठवले. फटीच्या कडेला मायलिन तारेला घट्ट धरून ठेवणारी प्रथिने असतात : न्यूरोफॅसिन-१५५, कॉन्टॅक्टिन-१ वगैरे. माझ्या रक्तात न्यूरोफॅसिन-१५५ विरुद्ध अँटिबॉडी निघाल्या. म्हणजे जॉइंट सुटलेला आणि आम्ही केबल दुरुस्त करत बसलेलो! या अँटिबॉडी बहुधा आयजीजी-४ जातीच्या असतात. त्या फारसा दाह पेटवत नाहीत, नुसती पकड सोडवतात. म्हणून इम्युनोग्लोब्युलिनचा त्यांच्यावर सहसा पुरेसा उपयोग होत नाही. हातांचा कंपही या प्रकारात बऱ्याच जणांना असतो. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तर हे रुग्ण सीआयडीपीतून वेगळेच काढले. असे रुग्ण थोडेच, त्यामुळे मुंग्या आल्या की तपासणीला धावू नका. मात्र हे निदान होऊनही औषध लागू पडत नसेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा. मी संकोचापायी विचारले नाही.

मला रिटुक्सिमॅब दिले. ज्या बी-पेशींपासून पुढे अँटिबॉडीचे कारखाने तयार होतात, त्यांनाच ते नष्ट करते. जंतुसंसर्गाची भीती असते, म्हणून रक्ताच्या तपासण्या चालू आहेत. फरक पडायला काही महिने लागले. अँटिबॉडींचे प्रमाण उतरले, तसा कंपही उतरला.

परवा मखराच्या दिव्यांची वायर मीच सोलली. दोनदा पक्कड सुटली, पण जोशीकाकांनी ती उचलून मुकाट्याने पुन्हा माझ्याच हातात दिली.