कलाशाखेची शिदोरी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)

आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्तीने पन्नास वर्षांत अनेक घरांत विद्येचा दीप लावला. या मंगल प्रसंगी मी एक विनंती करण्यास उभा आहे. मी स्वतः वाणिज्य पदवीधर, पेढीवर बसणारा कापड व्यापारी. तरीही आज कलाशाखेची बाजू मांडणार आहे.

‘बी.ए. होऊन पुढे काय करणार?’ हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. त्याचे उत्तर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या इतिहासात सापडते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या उच्च शिक्षणाचा आरंभ येथे झाला; पुढे ते प्राध्यापक, अर्थकारणाचे जाणकार आणि 1905 साली भारत सेवक समाजाचे संस्थापक झाले. यशवंतराव चव्हाण 1938 साली येथूनच बी.ए. झाले, 1960 साली महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री आणि पुढे देशाचे संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री झाले. बी. डी. जत्ती यांनी वकिली केली, ते उपराष्ट्रपतिपदापर्यंत पोहोचले. देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार संविधान सभेत बसले आणि सहकारी साखर कारखानाही उभारून गेले.

यांपैकी कोणते काम अभ्यासक्रमात नेमलेले होते? एकही नाही. बारकाईने वाचणे, पुरावा तोलणे, आपले म्हणणे नेमके मांडणे आणि दुसऱ्याची बाजू समजून घेणे, एवढी शिदोरी मात्र त्यांना तेथे मिळाली. दुसऱ्याची बाजू समजून घेणे म्हणजे आपल्या अनेकांताचाच व्यवहारातील अभ्यास होय. चांगल्या कापडाच्या ताग्यातून गरजेप्रमाणे सदरा, झबले वा बाराबंदी बेतता येते. तसेच या शिक्षणाचे आहे.

याच महाविद्यालयात डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी 1930 पासून अनेक वर्षे अर्धमागधी शिकवली. आचार्य कुंदकुंदांच्या ‘प्रवचनसार’ या ग्रंथाची त्यांनी सिद्ध केलेली संशोधित आवृत्ती 1935 साली प्रकाशित झाली आणि देशोदेशींच्या अभ्यासकांनी ती मान्य केली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र शासनाने मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण आनंद साजरा केला. परंतु आपल्या मंदिरांच्या शास्त्रभांडारांतील पोथ्या उद्या वाचणार कोण? दर्जा शासन देऊ शकते. वाचक मात्र समाजालाच घडवावे लागतात.

केवळ पदवीने सर्व साधते, असे माझे म्हणणे नाही. चव्हाण आणि जत्ती या दोघांनी पुढे कायद्याचा अभ्यास केला. या मार्गावर अर्थार्जन उशिरा सुरू होते, आणि सामान्य घरातील मुलामुलींचे पाऊल नेमके तेथेच अडखळते. बुद्धी असूनही केवळ घरच्या काळजीपोटी आवडता विषय सोडावा लागणे, ही त्या विद्यार्थ्याची आणि समाजाचीही हानी आहे.

म्हणून विश्वस्तांना नम्र विनंती, की अभियांत्रिकी व वैद्यकीय शिष्यवृत्तींबरोबरच भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र या विषयांसाठीही काही शिष्यवृत्त्या राखाव्यात, आणि त्या पदव्युत्तर शिक्षण संपेपर्यंत चालू ठेवाव्यात. या निधीत माझ्या पेढीचा वाटा राहील.

चार दानांत शास्त्रदानाचा मान मोठा आहे. शास्त्र वाचणारा विद्यार्थी घडवणे हेही शास्त्रदानच होय.

जय जिनेंद्र!