बांधावर पोचलेलं तंत्रज्ञान



मार्च २००२मध्ये केंद्र सरकारनं बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या वाणाला, परवानगी दिली. यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्यानं हे बियाणं हातोहात उचललं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. हिरव्या बोंडअळीनं तो मेटाकुटीला आला होता. सुरुवातीच्या वर्षांत तिच्यासाठीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या.

या बियाण्याला एक अट होती. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं. ते कडेनं पेरायचं. तिथं साध्या अळ्या जगतील, बीटी पचवणाऱ्या अळ्यांशी त्यांचा संकर होईल आणि बीटीची ताकद जास्त वर्षं टिकेल, असा हिशेब. शास्त्र बरोबर होतं. पण तीन एकरांच्या शेतकऱ्याला ‘थोडं रान अळीला सोड’ हे समजावायला बांधावर कोण गेलं? बहुतेकांनी ते पाकीट पेरलंच नाही. गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली. २००६मध्ये आलेलं बोलगार्ड-२ हे नवं बीटी बियाणंसुद्धा २०१७पर्यंत तिच्यापुढं निकामी ठरलं.

त्याच २०१७च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. पऱ्हाटी डोक्याला लागलेली, हवा दमट, एकाच पंपात दोन-तीन औषधं, अंगात नुसता सदरा. हातमोजे, मास्क, चष्मा वापरा, असं डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतंच. रोजंदारीच्या माणसाला ते घेऊन कोण देणार, आणि त्या उकाड्यात तो ते दिवसभर घालणार कसं, याचा विचार कुणी केला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. एखादी वस्तू अमुक पद्धतीनं वापरली तरच सुरक्षित असेल, तर तशी पद्धत इथल्या शेतात शक्य आहे का, हे परवानगीआधी तपासलं पाहिजे. आणि शिकवण्याचा, साधनांचा खर्च विकणाऱ्यानं सोसला पाहिजे. २०१०मध्ये बीटी वांग्यावर निर्णय घेण्यापूर्वी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपुरासह सात शहरांत लोकांचं म्हणणं ऐकलं, मगच ते थांबवलं. ती रीत मला योग्य वाटते. नुसती बंदी मात्र पुरत नाही. तणनाशक सोसणारं चोरबीटी परवानगीविनाच विदर्भात पेरलं जातं, त्याचं बिल मिळत नाही आणि फसलं तर दाद मागायला जागा नाही.

तेव्हा श्रोतेहो, बियाण्याचं पक्कं बिल घ्या. मजुराचे हातमोजे आणि मास्क मालकानंच आणावेत. आणि वारा तोंडावर येत असेल, तर त्या दिवशी फवारणी करू नका.